माजी आमदारांचे दप्तर कोणाचे?

महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सभासद असतात. विधानसभेच्या प्रत्येक निवडणुकीनंतर काही सभासद पुन्हा निवडून येतात, काही पराभूत होतात, काहींना उमेदवारीच मिळत नाही. परिषदेतूनही ठरावीक काळाने सभासद निवृत्त होत राहतात. माजी झालेल्या सभासदाचे पुढे काय होते ते साधारणपणे सर्वांना ठाऊक असते. निवृत्तिवेतन सुरू होते, नावाआधी ‘माजी’ हे विशेषण लागते आणि तालुक्यातल्या लग्नपत्रिकांवर ते वर्षानुवर्षे छापले जाते. परंतु त्यांच्या दप्तराचे काय होते? पंचवीस-तीस वर्षे लोकप्रतिनिधी राहिलेल्या माणसाच्या घरी जे कागद साचतात, ते कोठे जातात? हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. ज्यांनी तो विचारायला हवा, त्या इतिहासाच्या, राज्यशास्त्राच्या आणि आमच्यासारख्या मराठीच्या अध्यापकांनीही तो फारसा विचारलेला नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. आमदाराचे दप्तर त्याच्या घरात असते म्हणून आपण ते त्याच्या कुटुंबाची खाजगी मालमत्ता मानतो. पण त्या दप्तरातील बहुसंख्य कागद त्याने लिहिलेले नसतात. ते त्याला लिहिलेले असतात. शेतमजूर, बडतर्फ झालेला शिक्षक, धरणात जमीन गेलेला शेतकरी, रॉकेलच्या परवान्यासाठी खेटे घालणारी विधवा, गिरणीतला बदली कामगार अशा असंख्य माणसांनी आपले गाऱ्हाणे स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या हस्ताक्षरात ज्या एका ठिकाणी नोंदवले, ते ठिकाण म्हणजे हे दप्तर. ते नष्ट होते तेव्हा नेत्याचे फारसे बिघडत नाही. त्याचा पुतळा उभा असतो, गौरवग्रंथ निघालेला असतो. पुसली जाते ती या पत्रलेखकांची बाजू. म्हणून या कागदांचे जतन होणे आणि ते योग्य अटींवर सर्वांना पाहता येणे, हा सार्वजनिक हक्काचा प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते.

यावर पहिली शंका अशी येते की, विधिमंडळाच्या कामकाजाचा अधिकृत अहवाल असताना या कागदांची गरज काय? अहवालात प्रश्नोत्तरे, भाषणे, विधेयकांवरील चर्चा सारे शब्दशः असतेच. हे खरे आहे, आणि त्या खंडांचे मोल कोणी कमी लेखू नये. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या आणि चालवलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. पुढे महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला, आणि तो कागदावरच राहिल्यामुळे २० मार्च १९२७ चा सत्याग्रह घडला. या साखळीतला पहिला दुवा आपणांस विधिमंडळाच्या कामकाजातच सापडतो. डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मांडलेले खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयकही तिथेच वाचायला मिळते.

परंतु कामकाजाचा अहवाल सांगतो ते सभागृहात काय बोलले गेले, एवढेच. जे बोलले गेले ते सभागृहापर्यंत कसे पोहोचले, हे तो सांगत नाही. तारांकित प्रश्नामागे एखाद्या कारकुनाने गुपचूप पाठवलेली आकडेवारी असते. लक्षवेधी सूचनेमागे गावकऱ्यांच्या अंगठ्यांनी भरलेले निवेदन असते. कपात सूचनेच्या मसुद्यावर सहकाऱ्याने समासात केलेली दुरुस्ती असते. अशासकीय विधेयक मागे घेतले गेले, एवढेच अहवालात असते. ते मागे घेण्याआधी कोणकोणत्या पत्रांची देवाणघेवाण झाली, हे नसते. जे शब्द अध्यक्षांच्या आदेशाने कामकाजातून काढून टाकले जातात ते तर तिथून जातातच. अहवाल हे सभागृहाचे दप्तर आहे. मतदारसंघाचे दप्तर आमदाराच्या घरी असते.

दोन उदाहरणे घेऊ. रोजगार हमी योजना ही महाराष्ट्राने देशाला दिलेली गोष्ट, असे आपण अभिमानाने सांगतो. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. १९७२ च्या दुष्काळात तिचा विस्तार झाला होता. पण तिचा उगम त्याच्याही मागे आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना लिहिलेल्या पत्रातून या कल्पनेला चालना मिळाली, आणि सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे तिचा पहिला प्रयोग झाला. केंद्राने २००५ मध्ये केलेल्या ग्रामीण रोजगार हमीच्या कायद्याची पूर्वपीठिका अशी एका पत्रापाशी जाते. ज्याला या कायद्याचा वैचारिक इतिहास लिहायचा आहे, त्याला केवळ विधेयकावरील चर्चा पुरणार नाही. दुसरे उदाहरण मृणाल गोरे यांचे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध त्यांनी अशासकीय विधेयक मांडले, स्त्रियांच्या संघटनांनी बाहेर चळवळ केली, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने या विषयावरचा देशातील पहिला कायदा केला. संपूर्ण देशासाठी कायदा व्हायला १९९४ उजाडले. या सहा वर्षांआधीच्या काळात डॉक्टरांशी, वकिलांशी, कार्यकर्त्यांशी काय पत्रव्यवहार झाला असेल, कोणत्या स्त्रियांनी काय लिहून कळवले असेल, हे कळण्याचा मार्ग सभागृहाच्या अहवालातून जात नाही.

कागद जपले नाहीत तर काय होते, हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. डॉ. आंबेडकरांचे निधन ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. मुंबई विधिमंडळ, संविधान सभा, राज्यसभा अशा सभागृहांत काम केलेल्या या माणसाचे कागद नंतर वारसाच्या वादात सापडले आणि पेट्यांत बंद होऊन न्यायालयीन अभिरक्षेत, व पुढे महाराष्ट्राच्या महाप्रशासकाच्या ताब्यात राहिले. दिल्लीच्या अलीपूर मार्गावरील निवासस्थान जानेवारी १९६७ मध्ये रिकामे करवून घेताना तेथील कागद उघड्यावर टाकले गेले आणि रात्रीच्या पावसात त्यांतील कित्येक नष्ट झाले. पेट्यांतले जे वाचले, त्यांतून वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने ‘लेखन आणि भाषणे’ या मालेतील अनेक खंड काढले. पहिला खंड १९७९ मध्ये निघाला. १९२७ ते १९३९ या काळातील त्यांचे विधिमंडळातील कार्य आणून देणारा दुसरा खंड १९८२ मध्ये आला. हिंदू धर्मातील कूटप्रश्नांवरचे, लेखकाच्या हयातीत अप्रकाशित राहिलेले लेखन चौथ्या खंडात यायला १९८७ साल उजाडले, म्हणजे निधनानंतर तीस वर्षांहून अधिक काळ गेला. चरित्रकार चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी एकट्याने चिकाटीने जमवलेला संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे म्हणून अभ्यासकांचे पुष्कळ अडले नाही.

ज्यांच्यामागे लाखोंची जागृत चळवळ उभी होती, त्यांच्या कागदांची ही कथा आहे. मग ज्यांच्यामागे चळवळ नाही, संपादक मंडळ नाही, ज्यांची जयंती तालुक्याबाहेर कोणी साजरी करत नाही, त्या शेकडो आमदारांच्या कागदांचे काय झाले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आमच्यापुरते सांगायचे तर, काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीला लघुशोधप्रबंधासाठी ‘अर्ज आणि निवेदने यांतील मराठी’ असा विषय आम्ही सुचवला होता. ग्रामीण भागातील माणूस सत्तेला उद्देशून लिहितो तेव्हा कोणती भाषा वापरतो, ‘विनंती विशेष’, ‘कृपावंत होऊन’, ‘आपला आज्ञाधारक’ ही जुनी पत्रभाषा कोठवर टिकली, कोठे कार्यालयीन मराठीने तिची जागा घेतली, आणि कोठे लिहिणाऱ्याचा स्वतःचा संताप या साच्यांतून बाहेर पडला, हे तिला तपासायचे होते. त्यासाठी आमच्या भागातील एका दिवंगत आमदारांच्या घरी ती गेली. हे गृहस्थ अनेक वर्षे निवडून येत होते आणि आलेले प्रत्येक पत्र फायलीला लावून ठेवण्याची त्यांना सवय होती, असे जुने कार्यकर्ते सांगत. घरच्यांनी अगत्याने चहा दिला, छायाचित्रांचा संग्रह दाखवला, मानपत्रे दाखवली. फायलींविषयी विचारले तेव्हा घरातले एक वडीलधारे म्हणाले, “पुस्तकं गावच्या वाचनालयाला दिली बाई. कागद काय, रद्दीच होती सगळी. घर रंगवताना टेम्पोभर निघाली.” त्यांच्या बोलण्यात अपराधाची छटा नव्हती, आणि ती असण्याचे कारणही नव्हते. त्या कागदांना कोणी मागणी करील असे त्यांना कधी कोणी सांगितलेच नव्हते. विद्यार्थिनीने विषय बदलला. तिने पुढे एका कादंबरीकारावर प्रबंध लिहिला, चांगला लिहिला. पण त्या टेम्पोभर कागदांत जे मराठी गद्य होते, ते आता कोणत्याही विद्यापीठात कोणालाही अभ्यासता येणार नाही.

मराठीच्या अध्यापकांनी या विषयात बोलण्याचे कारण हेच आहे. आमच्या अभ्यासक्रमांत वैचारिक गद्याची परंपरा शिकवताना लोकहितवादींची शतपत्रे येतात. ती ‘प्रभाकर’ पत्रात प्रसिद्ध झालेली पत्रेच होती, आणि त्यांचे लेखक गोपाळ हरी देशमुख पुढे मुंबईच्या कायदे कौन्सिलाचे सभासदही झाले. पत्र हा मराठी गद्याचा एक मूळ प्रकार आहे, हे आपण मान्य करतो. परंतु ते पत्र छापले गेलेले आणि नामवंताचे असले पाहिजे, अशी आपली अव्यक्त अट असते. ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर हे दोघेही विधान परिषदेवर नियुक्त सभासद होते. माडगूळकरांच्या गीताचे हस्तलिखित सापडले तर आपण त्याची बातमी करू. पण परिषदेचे सभासद असताना कोणी त्यांना काय लिहिले, याची चौकशी कोणी साहित्याचा अभ्यासक करतो का? १९६६ ते १९८४ इतका प्रदीर्घ काळ परिषदेत असलेले ग. प्र. प्रधान हे इंग्रजीचे प्राध्यापक आणि मराठीतले लेखक होते. त्यांच्यासारख्याच्या बाबतीत लेखकाचे कागद आणि लोकप्रतिनिधीचे कागद वेगळे काढताच येणार नाहीत.

भाषेचा आणखी एक पदर आहे. १९६० मध्ये राज्य स्थापन झाले, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत राज्यकारभाराची मराठी घडत गेली. ती भाषा संचालनालयाच्या कोशांत जशी घडली, तशीच ती आमदारांच्या पत्रांत, मंत्र्यांच्या उत्तरांत आणि मतदारांच्या अर्जांतही घडली, बिघडली, वाकवली गेली. कोश छापलेले आहेत. पण त्या कोशांतले शब्द लोकांनी खरोखर कसे वापरले, कोणते नाकारले, हे दाखवणारा पुरावा हस्तलिखित आहे आणि तो घराघरांतल्या माळ्यांवर आहे.

आता कायद्याकडे पाहू. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ चा आहे. महाराष्ट्राने २००५ चा आपला स्वतंत्र अधिनियम केला. केंद्राच्या कायद्यात सरकारी अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. पण हे कायदे मुख्यतः सरकारी कार्यालयांच्या कागदांसाठी आहेत. लोकप्रतिनिधीचे व्यक्तिगत दप्तर त्यांत येत नाही. खाजगी व्यक्तीकडून ऐतिहासिक महत्त्वाचे कागद देणगीने किंवा खरेदीने स्वीकारण्याची मुभा केंद्राच्या कायद्याने राष्ट्रीय अभिलेखागारास दिली आहे, एवढेच. म्हणजे कोणी आणून दिले तर घेता येतात; पण आणून देण्यास कोणी सांगत नाही. आमदाराने मंत्र्याला लिहिलेल्या पत्राची मंत्रालयातली प्रत सार्वजनिक अभिलेख ठरते, आणि त्याच पत्राची आमदाराच्या घरातली प्रत, जिच्यासोबत ते पत्र लिहिण्यास कारण झालेला मूळ अर्ज टाचलेला असतो, ती मात्र रद्दीच्या भावाने विकली तरी कोणाचा आक्षेप नसतो. मंत्रालयातली प्रत तरी सुरक्षित असते असे मानावे, तर २१ जून २०१२ च्या आगीत मंत्रालयातील फायलींचे काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे. दोन ठिकाणी कागद असणे ही चैन नव्हे, हे त्या दिवशी कळायला हवे होते.

जिथे कागद जपले गेले, तिथेही ते कोठे आहेत हा प्रश्न उरतो. मुकुंदराव जयकर मुंबई विधिमंडळात होते, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठाचे ग्रंथालय आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांचे कागद मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. गोपाळ कृष्ण गोखले यांचे कागदही तिथे आहेत. मधु लिमये यांच्यासारख्या संसदपटूंच्या कागदांसाठी दिल्लीतील तीन मूर्ती येथील संस्थेत जावे लागते. ती संस्था २०२३ पासून प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय या नावाने ओळखली जाते. या संस्थांनी ते कागद सांभाळले याबद्दल आपण कृतज्ञच असले पाहिजे, आणि राष्ट्रीय अभिलेखागाराने ‘अभिलेख पटल’वर पुष्कळ सामग्री घरबसल्या पाहण्याची सोय केली आहे, हेही नमूद केले पाहिजे. पण दिल्लीत गेले ते राष्ट्रीय कीर्तीचे नेते. सांगोल्याच्या, कंधारच्या, मावळच्या, मोखाड्याच्या प्रतिनिधीचे कागद दिल्ली मागणार नाही. ते मागायचे तर महाराष्ट्रानेच मागायला हवेत.

आणि महाराष्ट्राला ही गोष्ट परकी नाही. आपल्याइतके दप्तरांवर प्रेम करणारा समाज क्वचितच असेल. वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून कागद जमवत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये आला आणि एकूण बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली निघाले. पाटीलवतनाचा महजर, देशमुखाचा तंटा, खेड्यातल्या कुलकर्ण्याचा हिशेब यांना आपण इतिहासाचे साधन मानले. मग १९५७ मधल्या शेतकऱ्याने आपल्या आमदाराला लिहिलेला कूळकायद्याविषयीचा अर्ज हे साधन का नव्हे? रुमालात बांधलेला मोडी कागद पूज्य आणि फायलीला लावलेला बॉलपेनचा कागद रद्दी, हा भेद आपण कोणत्या तत्त्वावर करतो? राजवाड्यांच्या आधीच्या पिढ्यांनीही आपल्या माळ्यावरचे कागद रद्दीच मानले होते.

या सूचनेला काही गंभीर आक्षेप घेता येतात. त्यांतला सर्वांत वजनदार आक्षेप पत्र लिहिणाऱ्यांच्या खाजगीपणाचा. दिराने जमीन बळकावली म्हणून एका स्त्रीने आमदाराला विश्वासाने लिहिले. तिचे पत्र उद्या कोणीही वाचावे काय? तिची मुले, तिचा दीर, सारे त्याच गावात नांदत असतील. या आक्षेपाला ‘संशोधनाचे महत्त्व’ असे मोघम उत्तर देऊन चालणार नाही. व्यक्तिगत पत्रे ठरावीक वर्षे, आमच्या मते किमान तीस वर्षे, बंद ठेवावीत. आरोग्य, कौटुंबिक अत्याचार, जातीय हिंसा यांविषयीची पत्रे त्याहून अधिक काळ. आणि त्यानंतरही नावे झाकूनच ती दाखवावीत. मात्र एक भेद कटाक्षाने पाळला पाहिजे. हे बंधन पत्र लिहिणाऱ्याच्या रक्षणासाठी असावे, ज्याला पत्र लिहिले त्याच्या प्रतिमेच्या रक्षणासाठी नव्हे. बदलीसाठी कोणाकडून काय देऊ केले गेले, कोणत्या कंत्राटदाराची शिफारस झाली, याचे कागद वारसांनी काढून घेऊन उरलेले दप्तर ‘संपूर्ण संग्रह’ म्हणून दिले, तर ते जतन न होता सजावट होईल.

दुसरा आक्षेप मालकीचा. कागद कुटुंबाचे आहेत, ते सक्तीने कसे घेणार? आम्ही सक्ती सुचवत नाही. अमेरिकेच्या काँग्रेसमधील सदस्यांचे कागदही कायद्याने त्यांचेच असतात. तरीही ते विद्यापीठांच्या ग्रंथालयांना देण्याची प्रथा तिथे रुजली आहे, आणि २००८ मध्ये तिथल्या दोन्ही सभागृहांनी ठराव करून सदस्यांना आपले कागद नीट सांभाळून अभ्यासासाठी देण्याचे आवाहन केले. आपल्याकडे काय घडते त्याचे उदाहरण म्हणजे नेहरूंच्या कागदांचा वाद. २००८ मध्ये ५१ खोकी तीन मूर्तीहून कुटुंबाकडे गेली आणि २०२४ पासून ती परत मिळावीत म्हणून मागणी चालू झाली. राजकारण बाजूला ठेवले तरी त्यातून एक धडा मिळतो. कागद कोणत्या अटींवर दिले, देणगी म्हणून की ठेव म्हणून, परत घेण्याचा अधिकार कोणाला, हे पहिल्याच दिवशी लिहून सर्वांसमोर ठेवले पाहिजे.

तिसरा आक्षेप थट्टेने घेतला जातो: आमदारांच्या दप्तरात असते काय, तर शिफारसपत्रे आणि लग्नपत्रिका! असतीलच. पण कोणत्या वर्षी लोक आमदाराकडे विहिरीसाठी येत होते, कोणत्या वर्षी नोकरीसाठी, कोणत्या वर्षी कर्जमाफीसाठी आणि कोणत्या वर्षी नुसत्या दाखल्यासाठी, हे त्या शिफारसपत्रांच्या गठ्ठ्यावरूनच कळेल. मावळातून १९५७ मध्ये निवडून आलेले रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा अहवाल मतदारांपुढे ठेवत. असा हिशेब देणारे प्रतिनिधी थोडे. जे देत नव्हते त्यांच्या कामाचा हिशेब त्यांच्या दप्तरातूनच घेता येईल, आणि जे देत होते त्यांचा पडताळाही तिथेच होईल. पक्ष कोणताही असो, या कामात भेद करण्याचे कारण नाही.

मग करावे काय? फार मोठ्या योजनेची गरज नाही. विधिमंडळ सचिवालयाने निवृत्त होणाऱ्या प्रत्येक सभासदाला, निवृत्तिवेतनाच्या कागदांबरोबर, एक साधे पत्र द्यावे: आपले दप्तर आपण कोठे ठेवणार आहात, ते अभ्यासासाठी देण्याची इच्छा आहे काय, आणि कोणत्या अटींवर? १८२१ पासूनची परंपरा असलेले राज्याचे पुराभिलेख खाते मुंबईत आहे, त्याची अभिलेखागारे पुणे, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. त्यांनी आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी प्रदेशवार हे कागद स्वीकारावेत. सूची करण्याचे काम महाविद्यालयांनी घ्यावे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार विद्यार्थ्यांना क्षेत्रीय प्रकल्प करायचेच आहेत. बाजारपेठेची पाहणी करून तेच ते अहवाल लिहिण्यापेक्षा शंभर पत्रांची सूची करणारा विद्यार्थी भाषा, इतिहास आणि लोकशाही या तिन्ही विषयांत अधिक शिकेल. सूची सर्वांसाठी खुली असावी, मूळ कागद बंद असले तरीही. कोणते कागद आहेत आणि ते केव्हा खुले होतील, एवढे तरी नागरिकाला कळले पाहिजे.

यात घाई आहे, कारण कागद वाट पाहत नाहीत. स्वस्त कागद पिवळा पडून तुकडे होतो, टाचण्या गंजतात, वाळवी आणि कसर आपले काम करतात, फॅक्सच्या कागदावरचे अक्षर काही वर्षांत उडूनच जाते. नव्या पिढीच्या प्रतिनिधींकडे तर कागदही नाही. मतदाराचे गाऱ्हाणे आता भ्रमणध्वनीवर व्हॉट्सॲपमधून येते, त्याला उत्तरही तिथूनच जाते, आणि यंत्र बदलले की दोन्ही जातात. १९६५ चे पत्र निदान माळ्यावर सापडण्याची आशा असते. २०२५ चा संदेश कोणत्या माळ्यावर शोधणार?

स्मारकांसाठी जागा आणि निधी मिळतो, हे आपण पाहतोच. ज्या तालुक्याने आपल्या प्रतिनिधीचा पुतळा उभारला, त्याच तालुक्याच्या महाविद्यालयात एक कोरडी खोली, चार लोखंडी कपाटे आणि सूची करणारा एक जबाबदार माणूस एवढे मिळाले, तरी पुष्कळ काम होईल. माजी आमदार, त्यांचे वारस आणि त्यांचे जुने स्वीय सहायक यांना आमची विनंती आहे की, घर रंगवायला काढण्यापूर्वी जवळच्या महाविद्यालयात एकदा कळवावे. आणि आमच्या व्यवसायबंधूंना विनंती अशी की, तसा निरोप आला तर ‘हा विषय आमच्या विभागाचा नाही’ असे उत्तर देऊ नये.